शेवटच्या बाईला एक नंबर

"अन्याय झाला तो वरच्या वाडीतल्या अकरा बायकांवर. सदुसष्ट सालच्या विधानसभा निवडणुकीत, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी."

हे वाक्य काकांचं. बोलणं इडलीच्या पिठावरून निघो नाहीतर बर्फ उपसण्यावरून, पाचव्या मिनिटाला काका या वाक्यापाशी आलेले असायचे. आणि ते बोलताना समोरच्याच्या डाव्या हाताकडे बघायचे. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या नखाकडे. मत दिल्यावर शाई तिथे लावतात. आता अमेरिकेतल्या एडिसनमध्ये कोणाच्या नखावर शाई असणार? तरी बघायचे. चष्मा वर करून बघायचे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी त्यांना पाहिलंय. ओक ट्री रोडवर, भाजीच्या दुकानाबाहेरच्या बाकावर, राखाडी स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत कागद. तुम्ही मेथी घेऊन बाहेर पडलात की त्यांनी विचारलं असणार, "मतदारसंघ कुठला?" आपल्याकडे मराठी माणूस भेटला की गाव विचारतात, मग आडनाव विचारतात, मग आडनावावरून बाकीचं सगळं काढतात. काका फक्त मतदारसंघ विचारायचे. तुम्ही हसला असाल. "काका, इथे ड्रायव्हिंग लायसन्स विचारतात, मतदारसंघ नाही," असंही कोणीतरी म्हणालं होतं. कोण म्हणालं ते मला माहीत आहे. ते गृहस्थ हे वाचतील, म्हणून सांगून ठेवते.

मीही पहिल्यांदा हसलेच होते.

२००४ चा सप्टेंबर. मी इथे मास्टर्स करायला येऊन एक वर्ष झालं होतं. नाशिकला कॉलेजात असताना माझा धंदा पत्रकं लिहिण्याचा. हॉस्टेलला पाणी नाही, लिही पत्रक. बसचा पास बंद केला, लिही पत्रक. इथे आल्यावर हात शिवशिवत होते, म्हणून मतदार नोंदणीचे अर्ज घेऊन घरोघर जाणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये घुसले. मला स्वतःला मत नव्हतं. अर्ज वाटायला मत लागत नाही.

काकांनी दार उघडलं. मी पाठ केलेलं विचारलं, "तुम्ही इथले नागरिक आहात का?"

"नाही. तू?"

"नाही."

"मग दोन बिनमताची माणसं दारात उभी राहून काय करतायत? आत ये."

आत त्यांनी माझ्या हातातले, बाकीच्या घरांतून भरून आणलेले अर्ज मागून घेतले. एकेक कागद खिडकीच्या उजेडात धरला. तीन बाजूला काढले. "यात घराचा नंबर आहे, अपार्टमेंटचा नाही. यात सही आहे, तारीख नाही. हा माझ्या टेबलावर आला असता तर परत गेला असता." मग माझं पत्रक वाचलं. वाचून झाल्यावर लाल पेनाने त्यातली उद्गारचिन्हं एकेक करून खोडली. चौदा होती.

मी चिडले. "काका, लोकांना राग यायला पाहिजे."

"राग येऊ दे की. मी राग खोडलेला नाही. दांडके खोडलेत."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जायला लागले. आधी चहासाठी, मग अर्ज तपासून घ्यायला, मग सवयीने.

काका तहसील कचेरीत निवडणूक शाखेत होते. कारकून म्हणून लागले, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी एका मतदारसंघाच्या याद्या करण्यात गेली. मतदारसंघाचं नाव आंबेदरा. अर्धा डोंगरावर, अर्धा खाली नदीकाठी. काकू गेल्यावर एडिसनच्या मुलाने बोलावून घेतलं. मुलगा तोवर इथला नागरिक झाला होता. २००१ साली काका ग्रीन कार्डावर आले. बरोबर एक सुटकेस कपड्यांची आणि एक वह्यांची. कपड्यांची सुटकेस विमान कंपनीने हरवली, तेव्हा काका म्हणाले, "बरं झालं, ती गेली."

आमच्या इथल्या मराठी मंडळाची कार्यकारिणी कशी निवडतात ते तुम्हाला माहीत आहे. दिवाळीचं जेवण झालं की माइकवर कोणीतरी गेल्याच वर्षीची नावं वाचतं, लोक हातात श्रीखंडाची वाटी घेऊन टाळ्या वाजवतात, संपलं. २००५ साली काका उभे राहिले. "सभासदांची यादी कुठाय?"

यादी आली. काकांनी तिथल्या तिथे पेन काढलं. "हे गृहस्थ फ्रिस्कोला जाऊन दोन वर्षं झाली. या बाई बॉथेलला. हे तर वारले, मी भेटायला गेलो होतो. नावं काढा." मग समोशांचं रिकामं खोकं घेतलं, वरून चीर पाडली, चिकटपट्टी लावली आणि हॉलच्या कोपऱ्यात दोन खुर्च्यांवर साडी बांधून आडोसा केला. पाऊण तास मतदान. अध्यक्ष दोन मतांनी पडले. एकही उमेदवार समोर नव्हता. लोकांनी चिठ्ठीवर दुसऱ्याच एका काकूंचं नाव लिहिलं होतं, ज्या स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होत्या. त्या पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या, "अगं बाई, मला कशाला?" म्हणाल्या, आणि मंडळाच्या तीन वर्षांतल्या सगळ्यात चांगल्या अध्यक्ष झाल्या.

पडलेले अध्यक्ष म्हणाले, "काका, उगाच राजकारण आणलंत."

"मी खोकं आणलं," काका म्हणाले.

हे झालं हसण्यापुरतं. आता सदुसष्ट साल.

काका पंचविशीत होते. डोंगराच्या पायथ्याच्या गावात, शाळेत मतदान केंद्र होतं आणि काका तिथे मतदान अधिकारी म्हणून गेले होते. वरच्या वाडीसाठीही तेच केंद्र. मतदान संपायची वेळ पाच. नियम असा की पाचच्या आधी जो आवारात आला, त्याला परत पाठवायचं नाही, कितीही उशीर होवो. म्हणून पाचला दोन मिनिटं असताना रांगेतल्या लोकांना नंबराच्या चिठ्ठ्या वाटायच्या. त्या पुढून वाटायच्या नाहीत. शेपटाकडून वाटायच्या. सगळ्यात शेवटच्या माणसाला एक नंबर, मग त्याच्या पुढच्याला दोन. म्हणजे एक नंबरच्या मागे नंतर कोणी घुसू शकत नाही.

त्या दिवशी रांगेत तिघंच होते. काकांनी चिठ्ठ्या वाटल्या आणि केंद्राध्यक्षांच्या हुकमाने फाटकाला कडी लावली. कडी लावताना त्यांनी वर बघितलं. उतारावरून बायका येत होत्या. जंगलच्या ठेकेदाराने त्यांना कामावरून तीनला सोडलं होतं. धावत येत होत्या. एकीच्या कडेवर मूल होतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी त्या फाटकाशी आल्या. अकरा जणी. केंद्राध्यक्ष म्हणाले, "वेळ संपली." कोणी भांडलं नाही. फक्त कडेवर मूल असलेली ती, चंद्राबाई तिचं नाव, काकांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "येताना दिसत होतो ना रं तुला?"

मग त्या वळल्या आणि डोंगर चढायला लागल्या.

काका हे सांगायचे तेव्हा आवाज चढवायचे नाहीत. "नियमाने मी बरोबर होतो," म्हणायचे. "नियमानेच बदलायचं मग. दुसरं काय येत होतं मला?"

अकरा वर्षं लागली. वाडीला स्वतःचं केंद्र हवं असा प्रस्ताव गेला की शेरा यायचा, 'अंतर कमी'. नकाशावर वाडी आणि खालचं गाव यांच्यात सव्वा मैल. काकांनी भूमापनवाल्यांची साखळी मागून घेतली आणि रविवारी रविवारी कोतवालाला घेऊन वाट मोजली. नकाशावर सव्वा मैल, पायाखाली चार. मध्ये दरी आहे, ती कागदावर सपाट होते. पुढचा शेरा, 'इमारत नाही'. वाडीने दगड वाहून शाळेची एक खोली बांधली. पुढचा शेरा, 'विचाराधीन'. अठ्ठ्याहत्तर साली वाडीत पहिल्यांदा मतपेटी चढली. काका स्वतः डोक्यावरून घेऊन गेले, असं ते सांगत नसत, पुढे त्या कोतवालाच्या मुलाने फोनवर सांगितलं.

त्यांच्या वह्यांमध्ये हाच इतिहास होता. आंबेदरा मतदारसंघाच्या प्रत्येक निवडणुकीला चार पानं. कोणत्या वस्तीला केंद्र कधी मिळालं, कुठे पूर आला म्हणून लोक पोचले नाहीत, कुठे एका घराची नावं तीन निवडणुका गळाली आणि का. निवडून कोण आलं ते शेवटी, एका ओळीत. मी शनिवारी शनिवारी ते टाइप करायचे. एकदा मी म्हणाले, "काका, आमदारांबद्दल काहीच नाही यात."

"त्यांचे फोटो कचेरीत आहेत. या लोकांचे कुठे आहेत?"

अशाच एका शनिवारी त्यांची नात टेबलावर शाळेचा अभ्यास करत होती. सिव्हिक्सचा काहीतरी प्रोजेक्ट. तिने मान वर न करता विचारलं, "सो आजोबा, व्हेअर डू यू वोट?"

मी म्हटलं, "आजोबांचं नाव भारतात यादीत आहे."

"नाही," काका म्हणाले. "मी काढलं."

मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. इकडे यायच्या आदल्या आठवड्यात काकांनी नाव वगळण्याचा नमुना सात स्वतः भरला होता. कारण: कायमचे स्थलांतर. आपल्याकडे असं कोणी करतं? अमेरिकेत घर घेऊन, मुलं कॉलेजात गेली तरी लोकांची नावं तिकडच्या यादीत सुखाने नांदत असतात. माझंही होतं. पण या माणसाने आयुष्यभर मेलेल्यांची आणि गेलेल्यांची नावं खोडली होती. स्वतःचं ठेवलं असतं तर त्यांना झोप लागली नसती.

नातीने पेन्सिल खाली ठेवली. "सो यू आर नॉट अ वोटर एनीवेअर?"

"नो," काका म्हणाले, आणि उठून चहाचं आधण ठेवलं. आम्ही दोघींनी चहा मागितला नव्हता.

त्यानंतर मतदारसंघांच्या फेररचनेचा आराखडा आला. राज्यातल्या सगळ्याच सीमा नव्याने आखायच्या होत्या. लोकसंख्या बदलली की आखाव्या लागतात, त्याबद्दल काकांची तक्रार नव्हती. काकांनी मुलाकडून नकाशा छापून घेतला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि भिंग घेऊन बसले. आंबेदरा नव्हता. तीन तुकडे करून तीन शेजाऱ्यांना वाटला होता. वरची वाडी दरीपलीकडच्या मतदारसंघात टाकली होती. कागदावर शेजारी.

"परत सपाट केली," काका म्हणाले.

त्यांना भीती कशाची होती ते नीट समजून घ्या, कारण हे सगळं त्यावरच आहे. मतदारसंघ गेला, नाव गेलं, ठीक. पण नवी सीमा आली की केंद्रांची यादी नव्याने होते. तिकडच्या कचेरीत वाडी कोणाला माहीत? कोणीतरी नकाशा बघणार, दोन बोटांचं अंतर बघणार, वाडीची मोजकी मतं बघणार आणि लिहिणार, 'पलीकडच्या केंद्राला जोडावे'. झालं. चंद्राबाई पुन्हा दरी उतरणार. या वेळी सत्तरीच्या तोंडावर.

हरकती घेण्याची मुदत होती. मी लगेच बसले आणि काकांच्या नावाने दोन पानी हरकत लिहिली. एकही उद्गारचिन्ह न घालता, बरं का. काकांनी वाचली. "चांगली आहे." आणि परत दिली.

"सही करा ना."

"माझं नाव यादीत नाही. ज्याचं नाव त्याची हरकत."

"काका, तसा नियम तरी आहे का? आणि असला तरी कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. म्हणाले, तुमच्या या सोवळ्यापायी त्या बायकांचं केंद्र जाईल. म्हणाले, फाटक तुम्ही अजून लावूनच उभे आहात. हे बोलायला नको होतं. काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "फोनचं कार्ड आहे का तुझ्याकडे?"

वाडीच्या कोतवालाकडे तोवर मोबाइल आला होता. आधी त्याचा बाप कोतवाल होता, काकांबरोबर साखळी धरणारा. पुढचे तीन आठवडे रोज सकाळी काका त्याला फोन लावायचे आणि हरकत एकेक वाक्य लिहून द्यायचे. सह्या वाडीच्या. अंगठे वाडीचे. मोठ्या शहरात एका हॉलमध्ये जाहीर सुनावणी होती, तिथे ती हातोहात द्यायची ठरली.

सुनावणीच्या दिवशी काकांनी मला सकाळी सातला बोलावलं. स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर ठेवला होता. मुलगा ट्रेन पकडायला निघाला होता, एका हातात बॅग, दुसऱ्यात टोस्ट. टेबलावर त्याने आणून ठेवलेला इथल्या नागरिकत्वाचा अर्ज पडला होता. पाच वर्षं झाली होती, काका आता अर्ज करू शकत होते. "बाबा, तेवढी सही करा," मुलगा म्हणाला, तेवढ्यात फोनमधून कोतवाल ओरडला.

"भाऊसाहेब, गडबड झालीय हो. सकाळपास्नं पुढाऱ्यांनीच माइक धरून ठेवला. आमचा नंबरच नाय. आता लोक उठाया लागलेत. शिपाई दार लावतोय."

"किती वाजले तिथे?"

"पाचाला पाच कमी."

"बायका कुठायत?"

"आवारात. हापशाजवळ बसल्यात."

काका उठून उभे राहिले. "रांग लाव. आत्ता लाव. वही आहे ना? पान फाड. चिठ्ठ्या कर, नंबर घाल. शेवटच्या बाईला एक नंबर दे. मग पुढे पुढे ये."

"भाऊसाहेब, ही काय निवडणूक नाय."

"रांग आहे ना? मग चिठ्ठी आहे. दे."

फोनमधून नुसता गलका. कोणीतरी "ए सखू, तू मागं हो, मागं" म्हणत होतं. कागद फाटल्याचा आवाज आला. मुलगा दारात बॅग घेऊन थांबला होता. त्याची ट्रेन गेली.

मग एक करडा आवाज. "या चिठ्ठ्या कोणी वाटल्या?"

एक म्हातारी बाई म्हणाली, "आमच्या भाऊसाहेबांनी."

"कुठायत ते?"

"फोनात हायती."

मला हसू फुटलं. काका हसले नाहीत. साहेबांचा आवाज ऐकून त्यांनी स्वेटरची बटणं लावली. एडिसनच्या स्वयंपाकघरात, लुंगीवर. फोन कोणीतरी त्या अधिकाऱ्याच्या हातात दिला असावा, कारण आवाज एकदम जवळ आला. "आपण कोण?"

"निवृत्त अव्वल कारकून, निवडणूक शाखा. साहेब, पाचच्या आत आवारात आलेल्या माणसाला परत पाठवता येत नाही."



"हे मतदान नाही," आवाज म्हणाला.

"होय साहेब. पण त्या पाचच्या आतच आल्यात."

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "द्या तो अर्ज. पोच द्या यांना."

कोतवालाने पोचेचा नंबर वाचून दाखवला. काकांनी तो लिहून घेतला. हाताशी दुसरा कागद नव्हता, म्हणून नागरिकत्वाच्या अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिला. मुलाने बघितलं आणि बॅग खाली ठेवली.

मग फोनवर चंद्राबाई आली. तिने फोन तोंडापासून लांब धरला असावा, ओरडत होती. "भाऊसाहेब, आज तरी दिसलो का रं?"

काका फोनजवळ वाकले. "दिसलात," म्हणाले. "सगळ्या दिसलात, बाई."

आता तुम्हाला वाटेल की यानंतर सगळं चांगलं झालं. नाही झालं. २००८ च्या फेब्रुवारीत फेररचना लागू झाली आणि आंबेदरा मतदारसंघ संपला. हरकतीची पोच मिळाली, सीमा हलली नाही. काकांनी ते लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर वाचलं. मी शेजारी होते. त्यांनी वही काढली, शेवटच्या लिहिलेल्या पानाखाली रेघ मारली. मला वाटलं 'समाप्त' लिहितील. त्यांनी लिहिलं, 'पुढील नोंद नव्या यादीत'.

त्या महिन्यात मी याच विषयावर पत्रक लिहून मंडळाच्या कार्यक्रमात वाटलं. एकाने ते भेळेखाली धरलं. एकाने सांगितलं, "अगं, नकाशा बदलतोच. इथे बसून काय करणार?" हा प्रश्न होता की उत्तर, मला अजून कळलेलं नाही.

एप्रिलमध्ये कोतवालाचा फोन आला. नव्या कचेरीत केंद्रांची जुळवाजुळव चालू होती. वाडीचं केंद्र पलीकडे जोडायचं घाटत होतं. शेरा तोच, 'अंतर कमी'.

काकांनी त्याच संध्याकाळी मुलाला सांगितलं की मी परत जातो. आठवड्यासाठी नाही, राहायला. वाडीत.

"बाबा, ग्रीन कार्ड जाईल," मुलगा म्हणाला.

"जाऊ दे. ते दाखवून कुठे मत देता येतं?"

"म्हणून तर सांगतोय सिटिझनशिप घ्या. तेव्हाच सही केली असती तर या नोव्हेंबरात इथे मत देता आलं असतं."

"अरे, इथलं केंद्र समोरच्या शाळेत आहे," काका म्हणाले. "चालत चार मिनिटं. लिफ्ट आहे, उतार आहे, बाहेर कॉफी देतात. इथे माझं काय अडलंय?"

सून आतून म्हणाली, "आणि तिथे औषधं कोण देणार, बाबा?"

"चंद्राबाई," काका म्हणाले. सुनेला हसू आलं आणि मग रडू आलं.

मी भांडले नाही. मला जमलं नाही. वाटलं होतं सांगावं, माझे अर्ज कोण तपासणार? ते स्वार्थी झालं असतं. मी फक्त विचारलं, "काका, साठ-पासष्टीनंतर नवीन नाव लागतं का?"

"नमुना सहा. वयाची वरची अट नाही. रहिवास पाहिजे. म्हणून तर जातोय."

जूनमध्ये नेवार्कच्या विमानतळावर सोडायला गेलो. वह्यांची सुटकेस त्यांनी माझ्याकडे ठेवली. "टाइप करून संपव. शेवटची पानं कोरी आहेत, ती कोरी ठेव." सुरक्षा तपासणीची रांग लांबलचक होती आणि काका तिच्यात सगळ्यात शेवटी उभे राहिले. आम्ही दोरीच्या अलीकडे. थोडं पुढे सरकल्यावर ते मागे वळले. त्यांच्यामागे अजून कोणी आलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि तेच बोट वर केलं. एक नंबर.

भाजीच्या दुकानाबाहेरचा बाक आता रिकामा असतो. तिथे बसलं की अजून वाटतं, कोणीतरी नखाकडे बघणार.

परवा फोन आला. नाव लागलंय. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, पुरवणी यादीत, काका मतदार झालेत. केंद्राचं अजून ठरलेलं नाही. साखळी घेऊन पुन्हा वाट मोजणं चालू आहे; काका आता पुढे चालू शकत नाहीत, वर बसून आकडे लिहितात आणि बायका साखळी धरतात. तिकडच्या कचेरीने या वेळी काय शेरा मारला, तर 'अन्य वस्त्यांकडून अशी मागणी नाही'.

हे वाक्य पुन्हा वाचा. हे वाडीबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे. तुमच्या गावाबद्दल आहे, जिथून कोणीच काही मागितलेलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही.

म्हणून हे स्मरण वाचून गोड वाटून घेऊ नका. काका मेलेले नाहीत, कामावर आहेत. तुम्ही उठा. पुण्याचे असा, नागपूरचे असा, आजोळ कुठेही असो, गावी फोन लावा. विचारा, आपल्या गावच्या सगळ्यात लांबच्या वस्तीतल्या बाईला मतदान केंद्रापर्यंत किती चालावं लागतं? नकाशावर नको, पायाखाली. 'माहीत नाही' असं उत्तर आलं तर जो फोनवर आहे त्याला चालायला पाठवा. अंतर जास्त निघालं तर ज्यांची नावं यादीत आहेत त्यांच्या सह्यांनी मागणी द्यायला लावा आणि पोच घ्यायला लावा. मग वस्तीचं नाव आणि अंतर मला आणून द्या. काकांच्या वहीत पानं कोरी आहेत.

फोन आज करा. तिकडे पाच वाजायच्या आत.